‘प्रथमफळ’ आणि बिक्कूरीम : एका मराठी प्रतिशब्दाची चिकित्सा

श्रीगोंदे तालुक्यातील रब्बीची ज्वारी पौषाच्या सुमारास एका विशिष्ट अवस्थेला पोहोचते. दाणा दुधाळ राहिलेला नसतो आणि निबरही झालेला नसतो. या अवस्थेला ‘पीक हुरड्यात आले’ असे म्हणतात. ‘हुरडा’ हे जसे आगटीत भाजून हातावर चोळलेल्या कोवळ्या दाण्याचे नाव आहे, तसेच ते पिकाच्या एका वयाचेही नाव आहे. घोड आणि कुकडी यांच्या कालव्यांमुळे या तालुक्यात आता ऊस पुष्कळ झाला असला, तरी पिकाच्या वयाची ही परिभाषा बोलीतून गेलेली नाही. हिब्रू धर्मग्रंथातील बिक्कूरीम, म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ज्याला ‘प्रथमफळ’ म्हणतात तो विधी, समजून घेण्यास ही परिभाषा प्रचलित प्रतिशब्दापेक्षा अधिक उपयोगी पडते.

हिब्रूत ‘आबीब’ हा शब्द हुरड्याप्रमाणेच पिकाच्या वयाचा वाचक आहे. मिसर देशावर गारा पडल्या तेव्हा जव आबीब अवस्थेत होते म्हणून त्यांचा नाश झाला. गहू आणि कुस्सेमेथ (बहुधा खपली) मागास असल्यामुळे बचावले, असे निर्गमाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. ज्या महिन्यात इस्राएल लोक मिसरातून निघाले त्या महिन्यालाही आबीब हेच नाव आहे. म्हणजे मुक्तीची तिथी सांगताना त्या भाषेने पिकाच्या वयाचा आधार घेतला.

लेवीय २.१४ मध्ये बिक्कूरीमच्या अन्नार्पणाचा जो विधी सांगितला आहे, त्यात तीन शब्द एकत्र येतात. अर्पण ‘आबीब’ असावे, ते विस्तवावर ‘कालूई’ म्हणजे भाजलेले असावे, आणि ते ‘गेरेस कर्मेल’ असावे. कर्मेल म्हणजे ताज्या कणसातील ओला दाणा, आणि गेरेस म्हणजे त्याची भरड. त्यावर तेल आणि धूप घालावयाचा. श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला हे वर्णन वाचून दाखविल्यास त्यास कोशाची गरज पडणार नाही. हा जवाचा हुरडा आहे आणि त्याची भरड केलेली आहे, एवढे तो ताबडतोब सांगेल. मात्र हाच मजकूर ‘प्रथमफळ’ या शीर्षकाखाली त्याच्यापुढे आला, तर त्याची नजर कणसाकडे न जाता आंब्या-पेरूकडे जाण्याचा संभव अधिक.

येथे प्रतिशब्दाच्या घडणीकडे पाहणे अगत्याचे आहे. बिक्कूरीम या हिब्रू शब्दात फळवाचक अंश नाही. ग्रीक ‘अपार्खे’ आणि लॅटिन ‘प्रिमिटिए’ या प्रतिशब्दांतही तो नाही. तो आहे इंग्रजी शब्दात. आणि मराठी ‘प्रथमफळ’ या समासाची घडण त्या इंग्रजी शब्दाशी तंतोतंत जुळते. अनुवाद या नावाने मराठीत ओळखल्या जाणाऱ्या पाचव्या पुस्तकात (२६.२) ‘भूमीचे फळ’ असा प्रयोग आहे हे खरे, परंतु तेथे फळ म्हणजे जमिनीतून निघणारे सर्व उत्पन्न. मराठीत ‘फळ’ या शब्दाला याखेरीज आणखी एक वजन आहे. व्रताचे फळ, तपाचे फळ, केल्या कर्माचे फळ या प्रयोगांत तो शब्द मोबदल्याचा वाचक होतो. त्यामुळे ‘प्रथमफळ’ म्हणताच श्रमाच्या मोबदल्यातील पहिला हिस्सा देवाला दिला, अशी समजूत नकळत तयार होते. पुढे पाहावयाचे आहे ते हे की, मूळ वचनाचा रोख नेमका या समजुतीच्या उलट दिशेला आहे.

बिक्कूरीमचा धातू ब-क-र. याच धातूपासून ‘बखोर’ म्हणजे पहिला पुत्र किंवा पहिले वासरू, आणि ‘बिक्कूरा’ म्हणजे हंगामाआधी पिकलेले अंजीर, हे शब्द झाले आहेत. मराठीने ही क्षेत्रे वेगवेगळी ठेवली. पहिल्या खेपेची बाई पहिलटकरीण, पहिल्या वेताची गाय पहिलारू, आणि लवकर येणारे पीक आगाप. हिब्रूत माणूस, जनावर आणि पीक या तिघांचे पहिलेपण एकाच धातूने सांगितले जाते. या पहिलेपणाचा संबंध काळाशी आहे, प्रतीशी नाही. प्रतीचा आणि अग्रक्रमाचा अर्थ ‘रेशीथ’ या दुसऱ्या शब्दात आहे. तो ‘रोश’ म्हणजे डोके या शब्दापासून झाला आहे. संस्कृतातील ‘अग्र’ या शब्दाची छटा त्यास जवळची आहे, आणि नव्या धान्याच्या वैदिक इष्टीचे ‘आग्रयण’ हे नाव त्या दृष्टीने तुलनेस योग्य आहे. ‘प्रथमफळ’ हा एकच शब्द बिक्कूरीम आणि रेशीथ या दोहोंसाठी योजिला की काळ आणि श्रेष्ठत्व यांची सरमिसळ होते, आणि वाचक ‘पहिले’ म्हणजे ‘उत्तम’ असे धरून चालतो.

तथापि नामांच्या चिकित्सेने प्रश्नाचा गाभा हाती येत नाही. तो क्रियापदांत आहे. अनुवाद २६.१–११ या उताऱ्यात शेतकऱ्याने टोपली घेऊन पवित्रस्थानी जावे, याजकापुढे उभे राहावे आणि एक ठराविक निवेदन करावे, असे सांगितले आहे. या अकरा ओव्यांत ‘नातन’ म्हणजे देणे हे क्रियापद वारंवार येते. देव भूमी देतो, देण्याची शपथ वाहतो, भूमी दिली, तू मला दिलेस, देवाने जे चांगले दिले; असे त्याचे रूप बदलत जाते, कर्ता मात्र देव हाच राहतो. या नियमाला एकच अपवाद आहे. सहाव्या ओवीत मिसरी लोकांनी ‘आमच्यावर कठीण वेठ दिली’, म्हणजे लादली, असे म्हणताना तेच क्रियापद मिसऱ्यांकडे जाते. शेतकरी मात्र या संपूर्ण उताऱ्यात एकदाही ‘देत’ नाही. तो घेतो, टोपलीत ठेवतो, जातो, सांगतो, आणतो, खाली ठेवतो, नमन करतो, आनंद करतो. भूमी देणारा देव आणि वेठ देणारा मालक असे दोनच दाते या निवेदनास ठाऊक आहेत. निवेदन करणारा स्वतःला त्या दोघांपैकी कोणाच्याही जागी बसवीत नाही.

हा योगायोग मानता येत नाही. निर्गम २३.१९ आणि ३४.२६, गणना १८.१३, नहेम्या १०.३५ या सर्व ठिकाणी बिक्कूरीमच्या संदर्भात ‘हेवी’ म्हणजे आणणे हेच क्रियापद आहे. याउलट याजकाच्या हक्काची तरतूद सांगताना, म्हणजे गणना १८.१२ आणि अनुवाद १८.४ येथे, रेशीथ ‘द्यावी’ असा प्रयोग आढळतो. हक्काच्या भाषेत देणे आहे, उपासनेच्या भाषेत आणणे आहे. २ राजे ४.४२–४४ मधील लहानशी कथा या भेदावर चांगला प्रकाश टाकते. दुष्काळाच्या दिवसांत बाल-शालिशा गावचा एक माणूस अलीशा संदेष्ट्याकडे बिक्कूरीमच्या वीस जवाच्या भाकरी आणि कर्मेल ‘आणतो’. अलीशा म्हणतो, हे लोकांना ‘दे’, म्हणजे ते खातील. शंभर माणसे जेवतात आणि उरते. आणणारा निनावी आहे, मंदिराचा उल्लेख नाही, आणि आणलेले धान्य भुकेल्यांच्या पोटात जाते.

मराठीत या सर्व क्रिया ‘अर्पण करणे’ या एका संस्कृत शब्दात जमा होतात. पहिल्या पेंढीच्या बाबतीत तर आणखी एक अडचण उद्भवते. लेवीय २३.११ मधील ‘तनूफा’ या क्रियेसाठी प्रचलित मराठी भाषांतरात ओवाळण्याची परिभाषा आहे. मिश्नेतील मेनाखोथ या प्रकरणात ती क्रिया पुढे-मागे आणि वर-खाली नेण्याची म्हणून वर्णिली आहे. तीत वर्तुळ नाही. मराठी ‘ओवाळणे’ मात्र वर्तुळाकार आहे. ज्याला ओवाळावयाचे तो मध्यभागी असतो, आणि ओवाळलेली वस्तू पुष्कळदा ‘ओवाळून टाकली’ जाते. तनूफेत पेंढी टाकली जात नाही. तिच्यामुळे नव्या पिकाला खाण्याची मोकळीक मिळते. त्या दिवसापर्यंत नव्या धान्याची भाकर, काली (भाजलेला दाणा) आणि कर्मेल खावयाचे नाही, असा चौदाव्या ओवीचा दंडक आहे. नवे केल्याशिवाय नवे खाऊ नये, ही महाराष्ट्रातील नवान्नाची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दंडकाचा अर्थ वेगळा समजावून देण्याचे कारण नाही.

बलिदानाच्या मानवशास्त्रीय उपपत्तींत टायलर याने १८७१ मध्ये भेटीची कल्पना मांडली आणि रॉबर्टसन स्मिथ याने १८८९ मध्ये सहभोजनाची. बिक्कूरीमचे स्पष्टीकरण पहिल्या उपपत्तीने पुरे होत नाही, कारण आणणारा स्वतःला दाता म्हणवीत नाही. भूमीच्या धन्याला भरलेला खंड ही कल्पनाही अपुरी पडते. खंड भरणारा कूळ पावती घेऊन घरी जातो. येथे मात्र उताऱ्याचा शेवट सामायिक आनंदात होतो, आणि त्यात लेवी व ‘गेर’ म्हणजे गावात राहणारा परका यांना नावानिशी सामील केले आहे. सहभोजनाची उपपत्ती त्यामुळे अधिक जवळ येते, पण टोपली ठेवताना काहीतरी बोलावे का लागते, या प्रश्नाचे उत्तर तीही देत नाही.

ते उत्तर निवेदनात आहे. त्याचा प्रारंभ ‘अरम्मी ओवेद आवी’ या तीन शब्दांनी होतो. माझा पूर्वज भटका, किंवा मरणपंथास लागलेला, अरामी होता. ‘ओवेद’ या शब्दात भटकणे आणि नाश पावणे या दोन्ही छटा आहेत. हा पूर्वज मिसरात उपरा म्हणून राहिला. पुढील ओव्यांत ‘मी’चा ‘आम्ही’ होतो. आम्हांला जाचले, आम्ही ओरडलो, आम्हांला बाहेर काढले. दहाव्या ओवीत पुन्हा ‘मी’ येतो, आणि तो म्हणतो, आता पाहा, मी आणले आहे. सर्वनामांचा हा प्रवास अर्थपूर्ण आहे. जमिनीचा आजचा धारक प्रथम बेघराचा मुलगा म्हणून बोलतो, नंतर वेठबिगारांच्या समूहात मिसळतो, आणि मगच टोपली पुढे करतो. गेऱ्हार्ड फोन राट याने १९३८ मध्ये या निवेदनाला एक प्राचीन संक्षिप्त श्रद्धासूत्र मानले. पुढील संशोधकांपैकी अनेकांनी ते इतके प्राचीन नसून अनुवादकर्त्याच्या शैलीतच घडलेले आहे असे दाखविले. काळाचा निर्णय कसाही लागो, त्या भाषणाचे कार्य बदलत नाही. जमीनधारकाने पीक हाती येताच आपली भूमिहीनता आठवावी, यासाठी ते रचलेले आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात या मुद्द्याला विशेष धार येते. या नगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले, आणि त्याचे अनुयायी मोठ्या प्रमाणात महार समाजातून आले. ज्यांच्यापुढे प्रथमफळाची वचने वाचली गेली, त्यांपैकी अनेकांना खळे माहीत होते ते बलुत्याच्या बाजूने. खळ्यावर रास पडली की बलुतेदाराने आपला वाटा घ्यावयाचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचा कुणब्यावर पडणारा भार दिसतो, डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये महार वतनासंबंधी आणलेल्या विधेयकात त्याच व्यवस्थेची घेणाऱ्याच्या बाजूची वेदना दिसते. देणाऱ्यास ती लूट वाटे आणि घेणाऱ्यास भीक. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा मुंबई कायदा १९५८ चा; त्यानंतर वतनाचा कायदेशीर पाया गेला.

लेवीचा वाटा आणि बलुते यांची तुलना करण्याचा मोह येथे साहजिक आहे. दोघेही भूमीच्या वाटणीबाहेरचे आणि दोघांचाही हिस्सा पिकातून. गणना १५.२० मध्ये ‘गोरेन’ म्हणजे खळे यावरील अंशाचा उल्लेखही आहे. पण ही तुलना फार पुढे नेता येत नाही, आणि ती जेथे तुटते तेथेच बिक्कूरीमचा अर्थ उघड होतो. बलुत्याच्या वेळी घेणाऱ्यास आपले भूमिहीनपण आठवावे लागे. बिक्कूरीमच्या वेळी ते आणणाऱ्यास आठवावे लागते. खळ्यावरचा उच्चनीचभाव भाषेतून उलटविण्याचा हा प्रयत्न आहे, आणि ‘प्रथमफळ अर्पण करणे’ या शब्दप्रयोगात तो प्रयत्न पुसला जातो. त्या प्रयोगात उरतो तो केवळ दाता आणि त्याचे दान.

या विधीला निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. जी भूमी ‘दिली’ म्हणून सांगितली जाते ती पूर्वी इतरांची होती, याविषयी निवेदन मूक आहे. परक्याला आनंदात वाटा आहे, परंतु बोलण्याचा अधिकार नाही. मिश्नेच्या बिक्कूरीम प्रकरणात (१.४) धर्मांतरिताने टोपली आणावी पण निवेदन करू नये असे म्हटले आहे, कारण ‘आमच्या पूर्वजांना शपथ वाहिलेली भूमी’ असे त्यास म्हणता येत नाही. यरुशलेमी तालमूदात रब्बी यहूदाच्या नावे याविरुद्ध मत नोंदले आहे. अब्राहाम अनेक राष्ट्रांचा पिता असल्याने धर्मांतरितानेही ते म्हणावे, असे ते मत असून मैमोनिडीसने पुढे तेच ग्राह्य धरले. त्याच मिश्नेत (३.७) आणखी एक नोंद आहे. पूर्वी ज्यांना वाचता येई ते स्वतः वाचीत आणि ज्यांना येत नसे त्यांना याजक शब्द सांगून म्हणवून घेई. निरक्षर लोक लाजेने येईनासे झाले, तेव्हा साक्षर-निरक्षर सर्वांनाच शब्द सांगून म्हणवून घ्यावे असे ठरले. लेवी आणि परका यांच्या सोबतीने करावयाच्या विधीत कोणाला लाज वाटू नये, ही दृष्टी त्या व्यवस्थेमागे दिसते. लगेच पुढच्या नोंदीत (३.८) मात्र श्रीमंतांच्या टोपल्या सोन्या-रुप्याच्या आणि गरिबांच्या सोललेल्या वाळुंजाच्या होत्या, आणि गरिबांच्या टोपल्याही याजकाकडे जात, असे येते. विषमता टोपलीत राहिली. वाणीतून तेवढी दूर झाली.

हे निवेदन मराठीत केवळ ख्रिस्ती भाषांतरांतून आले, असे समजणे चुकीचे ठरेल. कोकणातील बेने इस्राएल समाजासाठी १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हग्गादेचा कणा म्हणजे अनुवाद २६.५–८ हाच भाग. त्यात ‘अरम्मी ओवेद आवी’चा अर्थ अरामी माणसाने माझ्या पूर्वजाचा नाश करू पाहिला असा केलेला आहे, आणि भूमी दिल्याची नववी ओवी परंपरेने विवेचनात घेतली जात नाही. टोपली, मंदिर आणि भूमी नाहीशी झाल्यावरही निवेदन टिकले, हे लक्षणीय आहे.

याच समाजाने नव्या धान्याचे काय केले, हेही पाहण्याजोगे आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात तिश्री महिन्यातील ‘खिरीचा सण’ नोंदला आहे. नव्या धान्याची खीर नारळाच्या रसात करून, धूप जाळून आणि शमा म्हणून ती खात. हिब्रू पंचांगातील बिक्कूरीमचा दिवस सिवान महिन्यात येतो. तेव्हा कोकणात नवे भात नसते, पेरणीची वेळ असते; हळवे भात तिश्रीच्या सुमारास हाती येते. खिरीच्या सणाला बिक्कूरीमचा थेट वंशज म्हणण्यास आधार नाही. परंतु नव्या धान्याच्या भावनेने पंचांगापेक्षा पिकाशी नाते ठेवले, आणि नाव घेतले ते स्वयंपाकघरातले, एवढे निश्चित म्हणता येते. गोव्यातील ख्रिस्ती समाजाने ऑगस्टमध्ये भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद देण्याच्या उत्सवास ‘कोणसांचे फेस्त’ म्हटले, तेथेही कणीसच नावात आले.

मग मराठी प्रतिशब्द कोणता असावा? कणीस आणि धान्य यांच्या संदर्भात बिक्कूरीमसाठी ‘नवे’ हा शब्द सर्वांत योग्य दिसतो. त्यात काळाचे पहिलेपण आहे, प्रतीची शेखी नाही. आणि ‘नवे करणे’, ‘नवे खाणे’ या प्रयोगांत खाण्याच्या मोकळिकीची कल्पना आपोआप येते. ‘नवे’ शब्दाला नवान्नाच्या हिंदू विधीचा वास आहे असा आक्षेप घेतला जाईल. पण ‘अर्पण’ आणि ‘ओवाळणी’ या शब्दांना तो वास अधिक आहे, आणि ते स्वीकारताना कोणी अडले नाही. रेशीथसाठी ‘अग्रभाग’ ठेवावा, लेवीय २.१४ मध्ये हुरडा आणि भरड हे शब्द निःसंकोच यावेत. पंडिता रमाबाईंनी श्रीगोंदे तालुक्याच्या सीमेवरील भीमेपलीकडे, दौंड तालुक्यातील केडगावी बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून जे संपूर्ण भाषांतर सिद्ध केले, आणि जे त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामागे सामान्य जनांस कळेल अशी भाषा असावी हाच हेतू होता. त्या हेतूशी हे शब्द सुसंगत आहेत.

यापेक्षा महत्त्वाची दुरुस्ती क्रियापदाची आहे. अनुवाद २६ चे भाषांतर करताना शेतकऱ्याच्या तोंडी ‘देतो’ किंवा ‘अर्पितो’ न घालता ‘आणले आहे’ एवढेच ठेवावे. हंगामाच्या आभारप्रदर्शनाच्या उपासनेत पायली-अर्धा पायली ज्वारी घेऊन येणाऱ्याला दाता म्हणून गौरवावे की त्याच्याकडून त्याच्या आजोबाच्या उपरेपणाचे दोन शब्द ऐकावेत, हा प्रश्न भाषांतरकाराच्या टेबलावरच अर्धा निकालात निघत असतो.